पहिला ईसीजी नॉर्मल आला, पण मला घरी पाठवलं नाही

माझा पहिला ईसीजी नॉर्मल आला होता. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. आमचे फॅमिली डॉक्टर मात्र पट्टी हातात धरून माझ्याकडेच बघत होते. "ताई, पट्टी चांगली आहे. पण तुम्ही चांगल्या दिसत नाही. जिथे ट्रोपोनिनची रक्ततपासणी दोनदा होते अशा ठिकाणी आत्ताच जा," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या या शब्दांमुळे मी आज हे लिहू शकते आहे. त्या रात्री मला हार्ट अटॅक आला होता. तेव्हा माझ्या बाबतीत काय-काय झालं आणि का झालं, ते जमेल तितकं नीट सांगावं, म्हणजे कुणाच्या तरी घरात ते वेळेवर आठवेल, असं मला मनापासून वाटतं.

मी सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवते. वय पन्नाशीच्या पुढे, काही वर्षांपासून मधुमेह, आणि माझ्या वडिलांना पन्नाशीतच अटॅक आला होता. आम्ही पूर्वभागात, अशोक चौकाजवळ राहतो. एप्रिल अखेरचे दिवस होते आणि सोलापूरचं ऊन काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. संध्याकाळी दोन्ही खांद्यांच्या मधोमध, पाठीत जडपणा सुरू झाला. मग जबडा दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखा झाला. हातातली ताकद गेली आणि कपाळावर गार घाम आला. उन्हाचा घाम गार नसतो. छातीत दुखतंय का, असं ह्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, कारण खरंच दुखत नव्हतं. जीव घाबरा होत होता, एवढंच.

"पित्त झालं असेल, थंड दूध घे," असं घरातून आलं. शेजारच्या अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि ह्यांना म्हणाल्या, "भाऊ, दूध नंतर द्या की. आधी दवाखान्याला न्या." बायकांच्या अटॅकमध्ये छातीतल्या कळेबरोबर किंवा कधी तिच्याऐवजीसुद्धा पाठ, जबडा, मळमळ, दम आणि विलक्षण थकवा दिसतो. मधुमेहात कळ आणखी बोथट होते. माझ्यात या दोन्ही गोष्टी होत्या.

फॅमिली डॉक्टरांनी पाठवण्याआधी दोन गोष्टी केल्या. ॲस्पिरिनची गोळी चावून खायला लावली. ती गिळायची नसते, चावायची, म्हणजे लवकर रक्तात उतरते. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन जीव वाचवतं हे १९८८ साली आयसिस-२ नावाच्या मोठ्या चाचणीत स्पष्ट झालं, आणि इतक्या वर्षांत त्या साध्या गोळीची जागा कुणी घेतलेली नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नसा सैल करणारी जिभेखालची गोळी, सोर्बिट्रेट, त्यांनी दिली नाही. घरात कुणाला छातीत झालं की आपल्याकडे पहिली ती गोळी काढतात. त्यांनी आधी बीपी बघितलं, ते खाली होतं. अशा वेळी ती गोळी बीपी आणखी पाडते आणि माणूस चक्कर येऊन पडतो.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचल्या-पोचल्या सिस्टरांनी पुन्हा ईसीजी काढला. रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी व्हावा असा नियम आहे, आणि तो पाळला गेला. दोन्ही हातांचं बीपी वेगवेगळं घेतलं. असं का, म्हणून मी विचारलं. ड्युटीवरची मुलगी, वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी, म्हणाली, "काकू, पाठीत दुखतंय म्हणून. मोठी रक्तवाहिनी आतून फाटत असेल तर दोन हातांत फरक येतो. तसं असेल तर रक्त पातळ करायची औषधं देऊन चालणार नाही." फरक नव्हता. छोट्या मशीनवर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही झाली. मग रक्त घेतलं.

पहिला ट्रोपोनिनचा आकडा आला ११.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन आहे. स्नायूच्या पेशी दुखावल्या की ते रक्तात उतरतं. त्या लॅबच्या किटनुसार बायकांसाठी वरची मर्यादा होती १६ नॅनोग्रॅम प्रति लिटर, पुरुषांसाठी ३४. ही मर्यादा बायकांसाठी निराळी असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. प्रत्येक किटचे आकडे वेगळे असतात, म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या मर्यादेशी ताडून बघायचा नाही. तर माझा आकडा मर्यादेच्या आत होता, दुसरा ईसीजीही सरळ होता. माझा भाचा गाडी घेऊन आला होता. तो म्हणाला, "मावशी, दोन्ही नॉर्मल आहे, घरी जाऊ. सकाळी परत दाखवू." त्याचं म्हणणं चुकीचं वाटावं असं काहीच नव्हतं.

ड्युटी डॉक्टर मात्र हलायला तयार नव्हती. माझा त्रास सुरू होऊन जेमतेम दोन तास झाले होते. ट्रोपोनिन रक्तात यायला वेळ लागतो. तिने केसपेपरच्या मागे एक ठिपका काढला आणि म्हणाली, "हा पहिला आकडा. एका ठिपक्यावरून रेघ वर चाललीय की खाली ते कळत नाही. दोन तासांनी दुसरा ठिपका मिळेल, मग सांगते." मी वर्षानुवर्षं मुलांना आलेख शिकवते. मला ते तत्काळ पटलं आणि मी भाच्याला बसायला सांगितलं.

दोन तासांनी आकडा आला ४७.

निदान झालं ते या फरकामुळे. हृदयविकाराच्या झटक्याची २०१८ सालची जी जागतिक व्याख्या आहे, तिच्यात ट्रोपोनिन मर्यादेच्या वर असणं पुरेसं नाही, ते चढताना किंवा उतरताना दिसलं पाहिजे, आणि जोडीला लक्षणं किंवा ईसीजी-इकोतला पुरावा हवा. किडनीच्या जुन्या रुग्णात ट्रोपोनिन कायमच थोडं वर असू शकतं. ते वर आहे पण हलत नाही, तर तो ताजा झटका नव्हे. माझं उलट होतं. पहिला आकडा मर्यादेच्या आत, पण चढता. पूर्वीच्या किटना ही सुरुवातीची चढण दिसतच नसे, त्यामुळे माणसाला सहा ते बारा तास थांबवून पुन्हा रक्त घ्यावं लागे. आताची 'हाय सेन्सिटिव्हिटी' चाचणी अगदी थोडं ट्रोपोनिनही मोजते. युरोपात ती २०१० च्या सुमारास रुळली, अमेरिकेत पहिली मंजुरी २०१७ साली मिळाली. तिच्यामुळे आता एक, दोन किंवा फार तर तीन तासांच्या अंतराने दोन नमुने घेऊन बहुतेकांचा निकाल लागतो. ज्यांना काही नाही त्यांना त्याच रात्री निश्चिंत मनाने घरी पाठवता येतं, हाही तिचा मोठाच फायदा आहे.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगते. लहान दवाखान्यांत आणि गावांकडे अजून ट्रॉप-टीची, म्हणजे ट्रोपोनिनचीच, कार्डवरची तपासणी होते. कार्डवर रेघ उमटली तर उपयोगच आहे. पण त्रास सुरू झाल्यावर लगेच केली आणि रेघ उमटली नाही, म्हणून अटॅक नाही असं कुणीही समजू नये. माझ्या पहिल्या दोन तासांत ते कार्ड कोरंच राहिलं असतं.

तिसऱ्या ईसीजीत छातीवर लावलेल्या पुढच्या लीड्समध्ये, म्हणजे तारांच्या नोंदीत, टी नावाच्या लाटा उलट्या झालेल्या दिसल्या. हृदयरोगतज्ज्ञ आले आणि त्यांनी ह्यांना आणि मला एकत्रच सांगितलं. हा 'एनस्टेमी' प्रकारचा अटॅक आहे. 'स्टेमी'त नस पूर्ण बंद होते, ईसीजीत एसटीचा भाग उचललेला दिसतो आणि मिनिटाचाही उशीर न करता ती उघडावी लागते. माझ्यात नस पूर्ण बंद नव्हती, पण तिच्यात गुठळी तयार होत होती. औषधं लगेच सुरू करायची, आणि धोका जास्त असल्याने अँजिओग्राफी चोवीस तासांच्या आत करायची. नातेवाईक फोनवर "माइल्ड अटॅक आहे" असं एकमेकांना सांगत होते, धीर देण्यासाठीच. डॉक्टरांनी तो शब्द एकदाही वापरला नाही. पुढे वर्षभरात धोका कुणाला जास्त, याचा विचार केला तर एनस्टेमीचे रुग्ण मुळीच सुखरूप नसतात, असं ते म्हणाले.

आयसीसीयूत नेल्यावर भाच्याने विचारलं, "ऑक्सिजन का लावला नाही?" त्याला ते दुर्लक्ष वाटलं. बोटावरच्या मशीनवर ९७ दिसत होतं. सिस्टरांनी शांतपणे सांगितलं की ९० च्या खाली गेलं तरच लावतात. २०१७ साली स्वीडनमध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांचा ऑक्सिजन ठीक आहे त्यांना नुसता मास्क लावून काहीच फायदा होत नाही असं दिसलं होतं. मला पोटावर रक्त पातळ करायचं इंजेक्शन मिळालं, आणि अॅटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी, ८० मिलिग्रॅम. टिकाग्रेलॉर ही गुठळी होऊ न देणारी गोळी मात्र लगेच दिली नाही. नसा बघितल्यावर बायपास करायची वेळ आली, तर ती गोळी घेतलेल्या माणसाचं ऑपरेशन काही दिवस पुढे ढकलावं लागतं. सकाळी अँजिओग्राफी होणारच होती, तेव्हा आधी नसा बघू, मग गोळी देऊ, असं ठरलं.

पडद्यापलीकडे करमाळ्याकडचे एक शेतकरी होते. त्यांना स्टेमी झाला होता. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. जिथे नस उघडतात त्या कॅथलॅबपर्यंत दोन तासांत पोचता येणार नाही असं दिसलं, म्हणून तिथल्याच सरकारी दवाखान्यात त्यांना गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेझचं इंजेक्शन दिलं आणि मग १०८ च्या गाडीतून इकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचीही अँजिओग्राफी होती. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "ताई, तिथंच सुई दिली म्हणून मालक हाताला लागले." त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. वाटेत जाणारी मिनिटं म्हणजे मरणारा स्नायू. भारतातल्या वीस हजारांवर रुग्णांची 'क्रिएट' नावाची नोंदणी २००८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. तिच्यात रुग्णांचं सरासरी वय सत्तावन्नच्या आसपास होतं, आणि त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचायला लागलेल्या वेळेचा मध्यक होता ३६० मिनिटं. सहा तास! ॲम्ब्युलन्सने आलेले तर शंभरात पाच-सहाच. औषधं कितीही सुधारली तरी हे सहा तास त्यांना भरून काढता येत नाहीत. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, फुकट आहे, तरीही आपण आधी कुणाची गाडी मिळते का ते शोधत बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

अँजिओग्राफी उजव्या मनगटातून झाली. माझ्या वडिलांची जांघेतून झाली होती, आणि नंतर कितीतरी तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागलं होतं. मनगटातून नळी घालायची पद्धत कॅनडात १९८९ साली लुसियाँ काँपो यांनी प्रसिद्ध केली. आता तीच पहिली पसंती आहे, कारण रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर उठून बसतो. भूल फक्त मनगटापुरती. हातात औषध सोडलं तेव्हा कोपरापर्यंत भाजल्यासारखं झालं, तेही काही क्षणच. बाकी मी पूर्ण जागी होते आणि पडदा बघत होते. हृदयाच्या पुढच्या बाजूला रक्त नेणारी नस एका जागी दोऱ्याएवढी बारीक दिसत होती. डॉक्टर म्हणाले नव्वद टक्के. उजवीकडच्या नसेतही अडथळा होता, साठ टक्क्यांच्या आसपास.

फुग्याने हृदयाची नस उघडण्याचं काम पहिल्यांदा अँड्रियास ग्रुन्ट्झिग यांनी झुरिकमध्ये १९७७ च्या सप्टेंबरात केलं. तेव्हा नुसता फुगा होता. मग नस उघडी ठेवणाऱ्या जाळ्या, म्हणजे स्टेंट आले, मग औषधाचा थर असलेले स्टेंट. माझ्या बाबतीत आणखी एक पायरी होती. स्टेंट टाकण्याआधी नसेच्या आत ओसीटीची बारीक तार घातली. प्रकाशाच्या किरणांनी ती नसेची भिंत आतून दाखवते. चरबीच्या थराचं वरचं आवरण फाटून तिथे गुठळी चिकटलेली होती, ते मी स्वतः बघितलं. त्या चित्रावरून नसेची रुंदी मोजली आणि तेवढ्याच मापाचा स्टेंट निवडला. शेवटी पुन्हा तार घालून तो भिंतीला नीट टेकलाय ना ते तपासलं. बाहेरून एक्स-रेत फक्त सावली दिसते, आतलं माप त्यात अंदाजाने घ्यावं लागतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत महत्त्वाच्या जागी स्टेंट टाकताना आतलं चित्रण करावं अशी ठाम शिफारस आहे.

उजवीकडच्या नसेत स्टेंट टाकला नाही. डॉक्टरांनी अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजला. ते गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली असेल तर रक्त कमी पडतंय असं समजतात. माझं ०.८८ आलं. म्हणजे साठ टक्के दिसत असला तरी तो अडथळा रक्त अडवत नव्हता. "ही नस औषधावर ठेवू," ते म्हणाले. बाहेर ह्यांना कुणीतरी सांगत होतं की एकदा आत गेलेच आहेत तर दोन्ही करून घ्या. मला मात्र त्या मोजमापाने फार धीर आला. टाकायचा कधी हे ज्याला कळतं, त्याला न टाकणंही कळतं.

टिकाग्रेलॉर तिथेच टेबलावर, स्टेंटच्या आधी दिली. स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, औषधी स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आला. त्याआधी लाखाच्या गोष्टी चालत. करमाळ्याच्या शेतकऱ्यांचं काम महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं. त्यांचा मुलगा रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी उभा असायचा. ही कागदपत्रं घरात एका जागी असावीत, एवढी व्यवस्था प्रत्येकाने करून ठेवावी.

घरी आल्यावर टिकाग्रेलॉरने मला छळलं. बसल्या जागी मध्येच मोठा श्वास घ्यावासा वाटायचा. फुप्फुसात पाणी झालं की काय, अशी भीती वाटली. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी इको केला, हृदय उत्तम चाललं होतं. हा त्या गोळीचा माहीत असलेला परिणाम आहे, बहुतेकांचा काही आठवड्यांत ओसरतो, आणि नाहीच सोसवला तर गोळी बदलता येते, पण स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाही, असं त्यांनी बजावलं. नव्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे या गोळ्या मध्येच सोडणं. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

कोलेस्टेरॉलचं गणितही बदललेलं आहे. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, अटॅकच्या वेळी १३८ होतं, आणि जुन्या रिपोर्टांवर 'बॉर्डरलाइन' असं छापलेलं असायचं. अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली असावं, असं युरोपच्या आणि भारतातल्या कार्डिऑलॉजिकल सोसायटीच्याही सूचना सांगतात. सहा आठवड्यांनी माझं ६८ झालं. तेवढ्यावर न थांबता डॉक्टरांनी एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची आणखी एक गोळी जोडली आणि पुढच्या तपासणीत ते ५१ आलं. लिपोप्रोटीन(ए) या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणाची तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी म्हणतात, कारण ते आनुवंशिक असतं. वडिलांचा इतिहास असल्याने माझी केली. ते वाढलेलं निघालं, म्हणून आता माझ्या भावांनाही करायला सांगितलं आहे.

जेवणाबद्दल मला सर्वांत जास्त सल्ले मिळाले, आणि त्यातले बहुतेक शेंगांच्या चटणीविरुद्ध होते. आहारतज्ज्ञ बाईंनी ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि डाळीबरोबर थोडी चटणी चालेल, असं स्पष्ट सांगितलं. शेंगदाणा शत्रू नाही, चटणीवर ओतायचं तेल आणि मीठ मोजून घ्या, म्हणाल्या. कडक भाकरी मी आजही खाते. चालायला पहाटे कंबर तलावाकडे जाते, उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत परत. सुरुवातीला हॉस्पिटलमध्येच नाडी आणि बीपी बघत चालवून घेतलं. त्या चालण्याने जेवढा आत्मविश्वास आला तेवढा कुठल्याच रिपोर्टने आला नाही. सोलापुरात अशी शिस्तीत व्यायाम करून घेणारी केंद्रं वाढायला हवीत. अटॅकनंतर लोक घाबरून खाटेला खिळतात, विशेषतः बायका, कारण घरातले त्यांना उठूच देत नाहीत.

अक्कांच्या घरी यंत्रमागावर कामाला असलेली माणसं आहेत. त्यांच्यातल्या एकाला मध्यंतरी छाती भरून आल्यासारखं झालं, तर अक्का ईसीजीची पट्टी घेऊन माझ्याकडे आल्या. मी पट्टी वाचत नाही, मला येत नाही. त्रास कधी सुरू झाला एवढंच विचारलं आणि रिक्षा बोलवायच्या आत १०८ ला फोन लावला. त्या कामगाराचे दोन्ही ट्रोपोनिन सपाट आले, पित्ताशयाचं दुखणं निघालं आणि ते रात्रीच घरी आले. अक्कांना उगाच धावपळ झाली असं वाटलं का, मी विचारलं. "कशाला वाटेल? कळलं की," त्या म्हणाल्या.

आता वर्ष पुरं होत आलंय. पुढच्या भेटीत दोन गोष्टी ठरायच्या आहेत. दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी एक बंद करायची का, हा पहिला प्रश्न. दुसरा बीटा ब्लॉकरचा, म्हणजे नाडी आणि बीपी कमी ठेवणाऱ्या गोळीचा. माझ्या हृदयाचं पंपिंग ५५ टक्के, म्हणजे चांगलं आहे. पंपिंग चांगलं असलेल्या रुग्णांना अटॅकनंतर बीटा ब्लॉकर देऊन मृत्यू किंवा नवा अटॅक कमी झाला नाही, असं २०२४ च्या रिड्यूस-एएमआय या अभ्यासात आलं. त्यानंतरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. डॉक्टर म्हणाले, तुमची नाडी आणि बीपी बघून तेव्हा ठरवू. म्हणून सध्या रोज सकाळी दोन्ही मोजून वहीत लिहिते आहे. ती वही, मूळ ईसीजीची फोनमधली छायाचित्रं आणि स्टेंटचं कार्ड मी त्या दिवशी बरोबर नेणार आहे.